विषय: बाबांचं ऑपरेशन, मेडिक्लेम नाही

मंडळी, नमस्कार.
मुलुंडला बाबांचं (वय 72) हर्नियाचं ऑपरेशन ठरतंय. मेडिक्लेम कधी काढलाच नव्हता. दोन हॉस्पिटलांनी सांगितलेले आकडे इतके वेगळे आहेत की काहीच उमगत नाही. पैसा नेमका जातो कुठे? कृपया सांगा.
— अ., टोरंटो

उत्तर:

ताई, मी सध्या पार्ल्यात आहे. वहिनीच्या ऑपरेशनची धावपळ मीच केली, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी रूमचा क्लास विचारा. बहुतेक खाजगी हॉस्पिटलांत जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल असे दर असतात आणि फरक नुसत्या खाटेच्या भाड्यावर थांबत नाही. सिंगल घेतली की सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्ज, अगदी रक्ततपासणीसुद्धा वरच्या दराने लागते. सर्जन तोच, ओटी तीच! अॅडमिशन काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि घाबरलेली माणसं ‘बाबांना त्रास नको’ म्हणून सिंगलवर सही करतात. याचा मला मनापासून राग येतो. विमा नसलेल्याच्या बाजूने घासाघीस करायला तिथे कोणीच नसतं.

दुसरं, जाळी, म्हणजे हर्नियाच्या जागी आत बसवतात ती. कोणत्या कंपनीची, छापील किंमत किती, हे आधीच विचारा. 2017 मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटला आणि गुडघ्याच्या सांध्याला कमाल किंमत ठरवून दिली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की बिलात सामानाचा वाटा किती मोठा असतो. ग्लोव्ह्ज, सिरिंज, सलाईनचे सेट तर पानभर निघतात.

आणि बाबा सत्तरीपुढचे आहेत ना? मग आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांसाठीच्या सरकारी उपचार योजनेचं कार्ड, आजच काढा. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, आधार कार्ड पुरतं. मात्र हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं आणि हे ऑपरेशन तिथे बसतं का, ते आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) विचारून घ्या.
— पार्ल्याहून, व.

उत्तर:

काका, खूप आभार. कार्डाचं भावाला कळवलं. आई 66 ची आहे, तिचा मेडिक्लेम आता निघेल का?
— अ.

उत्तर:

नक्की विचारा. एप्रिल 2024 पासून 65 ची वयोमर्यादा राहिलेली नाही. हप्ता जड पडेल आणि आधीपासूनच्या दुखण्यांचा खर्च मिळायला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांना मेडिक्लेमचा सहसा उपयोग नाही, त्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून (स्वस्त औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान) घ्या. हॉस्पिटलकडून एस्टिमेट लेखी मागा, रूम, जाळी, औषधं वेगवेगळी लिहून. मिळालं की मला पाठवा, मी बघतो.
— व.