अनिर्वचनीय आणि अवर्णनीय, फरक काय?

प्रश्न: ट्रेकच्या, लग्नाच्या पोस्टखाली 'अनिर्वचनीय आनंद' सर्रास दिसतं. म्हणजे अवर्णनीयच ना? की वेगळं काही?

प्रतिसाद 1: वेगळं आहे आणि चांगलंच वेगळं आहे. निर्वचन म्हणजे अमुक हे असंच आहे असं नक्की करून सांगणं, यास्क त्याच्या निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या जुन्या ग्रंथात शब्दाची फोड करून अर्थ सांगतो त्यालाही निर्वचनच म्हणतात. (हिंदीतलं निर्वाचन वेगळं, ते इलेक्शनवालं.) आता शांकर वेदान्तातला (म्हणजे शंकराचार्यांच्या तत्त्वज्ञानातला) दोरीवरचा साप घ्या, अंधारात दोरी बघून साप वाटतो तो, तो आहे म्हणावं तर दिवा आणला की गायब, नाही म्हणावं तर मग घाम कशाने फुटला? सत् पण नाही, असत् पण नाही, म्हणून अनिर्वचनीय. गंमत अशी की त्या सापाचं वर्णन मात्र झकास करता येतं, काळा होता, वेटोळं घालून बसलेला वगैरे. म्हणजे वर्णनाला काही अडचण नाही, अडलंय ते त्याला आहे म्हणायचं की नाही तिथे. आणि वेदान्ती हा शब्द लावतात मायेला, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या भासाला. त्या हिशोबाने 'अनिर्वचनीय आनंद' म्हणजे आनंद झाल्याचा भास :)

प्रतिसाद 2: मान्य, पण म्हणून लोकांना चूक नका ठरवू हो. नारदभक्तिसूत्रात प्रेमाचं स्वरूप अनिर्वचनीय म्हटलंय आणि लगेच पुढचं सूत्र 'मूकास्वादनवत्', मुक्याने चव घेतल्यासारखं. तिथे भासबिस काही नाही, सांगता येत नाही एवढंच. हाही अर्थ जुनाच आहे.

प्रतिसाद 3: जैनांचं अवक्तव्य पण बघा. 'आहे' आणि 'नाही' पाळीपाळीने सांगता येतं, दोन्ही एकदम एकाच शब्दात सांगायचं म्हटलं की अवक्तव्य. बुद्धाचं अव्याकृत मात्र यात घुसडू नका, जग शाश्वत की अशाश्वत असल्या प्रश्नांना त्याने उत्तरच दिलं नाही, शब्द अपुरे पडले म्हणून नव्हे तर त्यातून दुःख काही संपत नाही म्हणून.

प्रतिसाद 1: नारदसूत्र बरोबर, माघार :) पण भर्तृहरी या व्याकरणकाराने वाक्यपदीय या ग्रंथाच्या तिसऱ्या कांडात या सगळ्यांनाच कोपऱ्यात घेतलंय. एखाद्या गोष्टीला अवाच्य (शब्दाने सांगता न येणारी) म्हणालात की त्या शब्दाने ती वाच्य (सांगता येणारी) झालीच की! मला यावर अजून कुणाचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

प्रश्नकर्ता: बापरे. मग फोटोखाली काय लिहू?

प्रतिसाद 2: लिहा बिनधास्त. फक्त 'अनिर्वाचनीय' नको, काना नाहीये तिथे.