'एथिकल हॅकिंग'ला मराठीत काय म्हणावं?

निळीशाई: पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी सायबर सुरक्षेची प्राथमिक टिपणं मराठीत करतेय. सुरक्षेतल्या फटी शोधायला चांगल्या हेतूने करतात त्या हॅकिंगला 'नैतिक हॅकिंग' लिहिलं, तर तपासणाऱ्या सरांनी लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, "नैतिक घरफोडी म्हणाल का?" काय लिहू?

तिरकसबुवा: सरांना दंडवत. पण मुद्दा नीतीचा नाहीच, परवानगीचा आहे. आयटी कायद्याचं कलम ४३ वाचा, सगळा भर मालकाच्या परवानगीवर. हेतू कितीही सोवळा असू दे, लेखी होकार नसेल तर अंगाशी येतं. 'अधिकृत हॅकिंग' लिहा.

कडूकारलं: 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' आठवलं.

पोथीपंडित: गंमत बघा, २००० च्या मूळ कायद्यात कलम ६६ च्या मथळ्यातच 'हॅकिंग' होतं. २००८ च्या दुरुस्तीत ते काढून संगणकाशी संबंधित गुन्हे असं केलं. कायद्याने शब्द सोडला, आपण धरून बसलोय. आणि हॅक मुळात चोरांचा शब्दच नव्हे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबातली पोरं डोकेबाज करामतीला हॅक म्हणायची. 'करामत' का नको?

कडूकारलं: नैतिक करामत? हवेतून अंगारा काढणारे बाबा करतात ती.

मायमराठी: सरळ 'भेदचाचणी' म्हणा. 'अभेद्य किल्ला' चालतो ना? सावरकरांच्या 'महापौर'ला, 'दिनांक'ला आज कोण हसतं?

तिरकसबुवा: ते पेनटेस्टला, म्हणजे परवानगीने यंत्रणेत घुसून बघण्याला, ठीक. मी हेच काम करून पोट भरतो. आमच्यात 'पेनटेस्ट' म्हणतात, नाहीतर 'व्हीएपीटी', म्हणजे कच्चे दुवे शोधणं अधिक पेनटेस्ट. 'एथिकल हॅकिंग' हा क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवरचा शब्द. फ्लेक्सवर हुडी घातलेला पोरगा असतो, प्रत्यक्षात आम्ही निम्मा वेळ रिपोर्ट लिहीत बसतो.

सांगलीकरीण: आमची मावशी म्हणते, "माझं फेसबुक हॅक झालं." झालं काय, तर कुणीतरी तिचा फोटो उचलून दुसरं अकाउंट काढलं आणि नातेवाइकांकडे पैसे मागितले. पासवर्डला कुणी हातही लावला नव्हता. तरी आता सगळं घर 'हॅक'च म्हणतं. शब्द लोकांनी ठरवलाय, तुम्ही बसा कोश उघडून.

मायमराठी: लोक 'चालू' लावतात म्हणून 'चालू' सभ्य होतो का? आणि संगणकात नेटवर्कवरून ये-जा होते त्या 'पोर्ट'चं काय केलंत? 'बंदर' लिहा.

कडूकारलं: "२२ नंबरचं बंदर उघडं आहे." पोरं रत्नागिरीची एसटी पकडतील.

पोथीपंडित: 'बंदर' फारसी आहे हो, मायमराठी. चालेल ना?

मायमराठी: मुरलेलं फारसी चालतं. नाहीतर 'दार' लिहा.

निळीशाई: दार उघडं, दार बंद, इथवर जमतं. पण पोर्ट तपासणारा एनमॅप प्रोग्राम तिसरं 'फिल्टर्ड' सांगतो. ते 'गाळीव' करू?

तिरकसबुवा: गाळीव नको! मध्ये फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारा पहारा, तपासायला पाठवलेलं माहितीचं पॅकेट गिळतं, म्हणून दार उघडं की बंद तेच कळत नाही. 'संदिग्ध' लिहा.

मायमराठी: आधी फायरवॉलला 'अग्निभिंत' म्हणा, मग पुढचं बोलू.

सांगलीकरीण: म्हणजे भिंत पेटलीय की विझवायला बांधलीय?