शब्दचर्चा : पृथ्वीच्या शंभरपट ग्रहावर ‘भूगोल’ म्हणतील का?

मूळ प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी किशोरांची गोष्ट लिहिते आहे. ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या शंभरपट, म्हणजे पृष्ठभाग दहा हजारपट. हवा, पाणी, अंगाचं वजन सगळं इथल्यासारखंच मानून घेतलंय. अडलंय ते शब्दांपाशी. ‘महापृथ्वी’ हा शब्द आता पृथ्वीच्या साधारण दहापट वस्तुमानापर्यंतच्या ग्रहांसाठी रुळला आहे. माझ्या ग्रहापुढे ते गोटीएवढे. ‘अजस्र ग्रह’ लिहिलं, तर वडिलांनी समासात पेन्सिलीने टिपलं, ‘अजस्र म्हणजे अखंड, मोठा नव्हे.’ दुसरा शब्द सुचवाल का? आणि तिथली माणसं आपले कोणते शब्द वापरणारच नाहीत, तेही सांगा.

प्रतिसाद

वडील संस्कृतच्या बाजूने बरोबर आहेत. अजस्र म्हणजे न थांबणारं. पण मराठीत ‘प्रचंड’ हा अर्थ केव्हाच पक्का झालाय, आणि ‘अजस्र लाटा’ लिहिणाऱ्याला कुणी चूक म्हणत नाही. तुमच्या ग्रहावर तर दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात: जमीन प्रचंड आहे आणि चालत राहिलं तरी थांबत नाही. एखाद्या वाटसरूच्या तोंडी तो शब्द एकदाच घाला, वडिलांनाही पटेल.

नावाचं म्हणाल तर गंमत बघा. पृथ्वी हा शब्द ‘पृथु’वरून, उर्वी ‘उरु’वरून, मही ‘महत्’वरून. तिन्हींचा अर्थ विस्तीर्ण, मोठी. म्हणजे ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना आपलीच जमीन अफाट वाटत होती. विष्णुपुराणात तर उर्वीचा विस्तार पन्नास कोटी योजनं सांगितलाय, आणि आर्यभटाने पृथ्वीचा व्यास मांडला तो अवघा १०५० योजनं. पुराणातली ती उर्वी तुमच्या ग्रहाला सहज मागे टाकेल.

‘अनंत’, ‘असीम’ नको, कारण ग्रहाला माप आहे. मी ‘अपार’ घेईन. पार म्हणजे पैलतीर. तो कुणाच्या आयुष्यात येत नाही, एवढंच.

प्रतिसाद

वजनाबद्दल एक सुचवतो. घनता पृथ्वीइतकीच ठेवलीत तर अशा ग्रहावर माणसाचं वजन शंभरपट होईल. वजन आपल्याइतकं हवं तर सरासरी घनता शंभरावा हिस्सा हवी, आणि तेवढा हलका खडक नसतो. शनीचं उदाहरण आहे: त्रिज्या सुमारे नऊपट, घनता पाण्याहून कमी, म्हणून ढगांच्या माथ्यावरचं गुरुत्वाकर्षण जवळजवळ पृथ्वीसारखंच. पण पाय टेकायला जमीन नाही. गोष्टीत ‘मानून घेतलं’ हे एका वाक्यात सांगा. मुलं हिशेब करतात.

प्रतिसाद

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. माझ्या मते ज्या शब्दांचं माप माणसाच्या शरीरात आहे ते तिथेही टिकतील. कोस हा ‘क्रोश’पासून आला, म्हणजे हाक. तिथल्या माणसाचा गळा आपल्याएवढाच, तेव्हा कोस राहील, हाकेच्या अंतरावरचं घर राहील, पंचक्रोशीही राहील. दर बारा कोसांवर भाषा बदलणार असेल, तर आपल्याकडच्या सुमारे सात हजार भाषांच्या हिशेबाने तिथे सात कोटी भाषा होतील!

पण ज्यांचं माप ग्रहात आहे ते शब्द गडगडतील. पहिला ‘भूगोल’. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया इथल्या मध्यान्हीच्या सावल्यांत सुमारे सात अंशांचा फरक पाहिला आणि पृथ्वीचा परीघ काढला. तिथे तेवढ्याच अंतरावर फरक पडेल एक दशांश अंशाहूनही कमी. काठीच्या सावलीत तो कुणाला दिसणार? मग ‘गोल’ कुठून सुचणार?

क्षितिजाचंही तसंच. उभ्या माणसाला इथे ते साडेचार किलोमीटरवर दिसतं, तिथे पंचेचाळीसच्या पुढे. पण बहुतेक दिवस त्याआधीच धुरकट हवेत जमीन विरून जाईल. जमीन आणि आकाश यांच्यामध्ये रेघ नसेल, एक फिकट पट्टा असेल. त्याला त्यांनी वेगळा शब्द केलेला असणार. मी ‘विरण’ म्हणेन.

आणि ‘तिकडे आता रात्र असेल’ हे वाक्य! दिवस चोवीस तासांचाच धरला, तर विषुववृत्तावर घड्याळात एका तासाचा फरक पडायला सुमारे १ लाख ६७ हजार किलोमीटर जावं लागेल. रोज तीस किलोमीटर चाललात तर पंधरा वर्षं. चालणारा समाज असेल तर ते वाक्य कुणाच्या ओठी येणारच नाही.

प्रतिसाद

वरच्यांना पुस्ती. भास्कराचार्य गोलाध्यायात म्हणतात, ‘समो यतः स्यात्परिधेः शतांशः पृथ्वी च पृथ्वी नितरां तनीयान् नरश्च.’ परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो, कारण पृथ्वी फार मोठी आणि माणूस अगदीच लहान. ‘पृथ्वी च पृथ्वी’ हा श्लेष किती सुंदर आहे! आता तुमच्या ग्रहाच्या परिघाचा शंभरावा भाग काढा: चाळीस हजार किलोमीटर. आपली अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा त्यांच्या सपाट अंगणात मावते.

पत्ता कसा सांगतील, हेही लिहा. पूजेच्या संकल्पात आपण ‘भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतो. घरात बसलेला माणूस द्वीपापासून नदीच्या काठापर्यंत आपली जागा सांगतो. आपल्याला आता त्याची गरज उरली नाही, पिनकोड पुरतो. तिथे परक्याला भेटताना असंच बोलावं लागेल, आणि ऐकणाऱ्याला त्यातली पहिली दोन नावंसुद्धा ओळखीची नसतील.

मूळ प्रश्नकर्ती

‘अपार’ घेतला, ‘विरण’ही. संकल्पाची कल्पना वाचून पहिलं प्रकरण नव्याने लिहायला घेतलंय. एकच राहिलं: तिथे जमीन हादरली तर ‘भूकंप’ लिहू का? मंगळावरच्या हादऱ्याला आपण मंगळकंप म्हणतो ना?

प्रतिसाद

मंगळकंप आपण म्हणतो, कारण आपण मंगळावर राहत नाही. भू म्हणजे पायाखालची जमीन. ज्याची त्याला ती भूच. गोष्ट सांगणारा तिथलाच असेल तर बेलाशक ‘भूकंप’ लिहा. इथून गेलेला असेल तर पहिल्या हादऱ्याला ‘अपारकंप’ म्हणू दे, आणि चार-पाच वर्षं तिथे राहिल्यावर त्याच्या तोंडून ‘भूकंप’ निघू दे.