कण सापडत नाही म्हणजे कृष्णद्रव्यच नाही काय?

पूर्णाकाठ: काल येथे एकाने लिहिले की, इतकी वर्षे शोधूनही विम्प (साध्या द्रव्याशी जेमतेम संबंध ठेवणारा, जड असा कल्पित कण) सापडत नाही, तेव्हा कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य, ही अनुदानासाठी रचलेली थाप आहे. हे वाचून गप्प राहवले नाही. मार्गशीर्षात रात्रीची लाइन आली की मी हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात असतो. दांड फोडून पाणी वळवताना वर देवयानी दीर्घिकेचा (अँड्रोमेडा गॅलक्सीचा) पुसट ठिपका दिसतो. 1970 मध्ये खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी तिच्याच फिरण्याचा वेग मोजला, तेव्हा केंद्रापासून दूरही तो अपेक्षेइतका घटत नव्हता; म्हणजे तिथे न दिसणारे वस्तुमान असावे. हे मोजमापही थापच काय?

सातबारा: ते लिहिणारा मीच. मोजमाप मी नाकारलेच नव्हते. 1983 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी कृष्णद्रव्य न मानता गतीचा नियमच बदलून हे वेग जुळवून दाखवले. तिकडे दक्षिण डाकोटातील जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, विम्पची धडक टिपायला सात टन द्रव झेनॉन ठेवूनही तो दिसला नाही. इकडे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई निवडणुकीच्या कामावर.

वऱ्हाडी मास्तर: शाळेचे रडगाणे वेगळ्या धाग्यात गावे. वेग जुळले, पण दीर्घिका घडल्या कशा? विश्व सुमारे 3,80,000 वर्षांचे असताना त्यातील ठिकठिकाणच्या तापमानातले चढउतार लाखात एक एवढेच होते, म्हणजे साधे द्रव्य जवळपास सारखेच पसरलेले होते. ते तोवर प्रकाशाच्या दाबात अडकलेले होते. प्रकाशाशी देणेघेणे नसलेले द्रव्य आधीच साचू लागले नसते, तर दीर्घिकांना वेळच पुरला नसता.

जागल्या: या चर्चेत नागपुरात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रामनाथ कौसिक यांचे नाव कोणीच घेत नाही, याची चीड येते. त्यांनी आणि मॅक्लेलंड यांनी 1972 मध्ये विश्वाच्या प्रसरणावरून न्यूट्रिनोच्या (जवळपास कशातही न अडकणाऱ्या अतिहलक्या कणाच्या) वस्तुमानाला मर्यादा घातली आणि पुढच्याच वर्षी दीर्घिकासमूहांतील अदृश्य द्रव्य म्हणजे न्यूट्रिनो असावेत, असे सुचवले.

सातबारा: मग न्यूट्रिनोच घ्या की! तो निदान सापडलेला आहे.

वऱ्हाडी मास्तर: अभिमान मलाही आहे, पण न्यूट्रिनो चालत नाही. आरंभी तो जवळपास प्रकाशवेगाने धावत होता, आणि वावटळीत ढीग लागत नाही. द्रव्याचे लहान गोळे पुसले जाऊन आधी प्रचंड समूह आणि मग ते फुटून दीर्घिका, असा प्रत्यक्षात दिसते त्याच्या उलटा क्रम झाला असता.

जागल्या: ‘चालत नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. अदृश्य द्रव्य हा एखादा कण असेल, ही वाट दाखवणाऱ्यांत ते होते. त्याच वाटेने तुमचे विम्प आले. मुंबईपुण्याचे नाव असते तर पाठ्यपुस्तकात धडा आला असता.

पूर्णाकाठ: धडा अवश्य असावा. पण विम्प दिसला नाही म्हणून ॲक्सिऑन हा दुसरा कल्पित कण बाद होत नाही. तो न्यूट्रिनोहूनही हलका असू शकतो, तरी जन्मतःच संथ असल्याने त्याचे गोळे जमू शकतात.

सातबारा: बरे, ‘थाप’ मागे घेतो, मास्तरांचे समाधान होवो. मिलग्रोम यांच्या नियमात दीर्घिकासमूह नीट बसत नाहीत, हेही मान्य. पण खगोलशास्त्रज्ञ झ्विकी यांनी 1933 मध्ये न दिसणाऱ्या द्रव्याची गरज सांगितली, तेव्हापासून तुम्ही कणाला मुदतवाढ देत आहात आणि त्या नियमाला एक दिवसही देत नाही, हा कोणत्या पंचायतीचा न्याय?