ऊसतोडीला जाणाऱ्यांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून काय करावे?

प्रश्न (स्वयंसेविका, आष्टी तालुका, बीड)

आमच्या गावात मी ‘उल्लास’ कार्यक्रमाचा साक्षरता वर्ग चालवते. 2022 ते 2027 साठी आखलेल्या या कार्यक्रमात 15 वर्षांवरील कोणत्याही असाक्षर व्यक्तीला शिकता येते. मात्र दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की वर्ग ओस पडतो आणि माणसे परततात तेव्हा बरीचशी अक्षरे विसरलेली असतात. या कार्यक्रमात शिकणाऱ्यांची पायाभूत चाचणी राज्यात 17 मार्च 2024 आणि 23 मार्च 2025 या दिवशी झाली, म्हणजे अनेक टोळ्या अजून फडात असतानाच. शिवाय गावात राहणाऱ्या वयस्कर बायका चार दिवस येतात आणि ‘आता या वयात काय डोक्यात शिरणार’ म्हणून थांबतात. या दोघांनाही वर्गात कसे टिकवावे?

उत्तर 1 (निवृत्त शिक्षक, सातारा)

ताई, वयस्कर बायकांच्या डोक्याची नव्हे, आधी डोळ्यांची चौकशी करा. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते. ज्यांनी आयुष्यात कधी पुस्तक हाती धरले नाही, त्यांना हे कळण्याचा प्रसंगच आलेला नसतो आणि अक्षर ओळखता येत नाही याचा दोष त्या स्वतःच्या बुद्धीला देतात. आरोग्य केंद्रात नेत्रतपासणी करून जवळचा चष्मा मिळवून द्या, फळ्यावरची अक्षरे मोठी काढा आणि वर्ग दिव्याच्या अंधुक प्रकाशात घेऊ नका. दुसरे असे की, आमच्या जिल्ह्यात 1959 साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा गावेच्या गावे साक्षर झाल्याचे सोहळे झाले. पण पुढे वाचायला काही हाती नव्हते तिथे शिकलेले विसरले गेले. म्हणून चाचणीच्या तारखेपेक्षा त्यानंतरच्या वाचनाची काळजी मला अधिक वाटते.

उत्तर 2 (ऊसतोड कामगारांसोबत काम करणारा कार्यकर्ता)

टोळीतल्या माणसाला आकड्यांची गरज सर्वांत आधी असते, त्यामुळे शिकवण्याची सुरुवात तिथूनच करावी असे माझे ठाम मत आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फेडायची असते. वजनाची पावती वाचता आली नाही, तर उचल किती फिटली आणि किती अंगावर राहिली हे मुकादम सांगेल तेच खरे मानावे लागते. जुन्या पावत्या मागून घ्या आणि टन, दर, गुणाकार, वजाबाकी हे सारे त्यांवरूनच शिकवा. निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याला एक वही द्या आणि रोजच्या खेपा तीत लिहायला सांगा. टोळीत शाळा शिकलेला एखादा मुलगा बहुतेक वेळा असतोच. त्याला हाताशी धरले, तर संध्याकाळी खोपीपुढे थोडा वेळ वर्ग भरू शकतो. वही बायकोच्या हाती द्यावी, कारण उसाच्या मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या तिच्या कष्टाचा हिशेब सहसा नवऱ्याच्याच नावावर होतो.

उत्तर 3 (शिक्षिका, नंदुरबार)

वरील सूचना मोलाची आहे, तरीही प्रत्येकीला हिशेबच हवा असतो असे गृहीत धरू नये. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर स्त्रियांना सायकल शिकवली गेली आणि त्यातून अनेकींचा घराबाहेरचा वावर वाढला. तुमच्या गावातल्या बायकांना काय हवे, एसटीची पाटी वाचणे, मोबाइल वापरणे की बँकेत अंगठ्याऐवजी सही करणे, हे त्यांनाच विचारावे. आणखी एक गोष्ट तपासा. आमच्याकडे घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या बायका मराठी वर्गात गप्प बसतात आणि त्यांना काही येत नाही असा समज होतो. तुमच्या वर्गात तांड्यावरून कोणी येत असेल, तर त्यांचे पहिले शब्द गोरमाटीतले, म्हणजे बंजारा बोलीतले, घेऊन देवनागरीत लिहून दाखवा आणि शक्य असल्यास तांड्यावरचीच एखादी शिकलेली मुलगी शिकवायला सोबत घ्या.