अनुभव धागा : पडत्या काळात कोण टिकलं?

उपवासकाळ चालू आहे. आमच्या मंडळीत बुधवारच्या प्रार्थनेला पाळकसाहेबांनी बायबलमधलं, प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र घेतलं. पौल कैदेत, सोबती देमास सोडून गेलेला, जवळ एकटा लूक. त्याच पत्रात अनेसिफराचा उल्लेख येतो. हा माणूस रोममध्ये पौलाला शोधत फिरला, सापडेपर्यंत, आणि त्याच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. एवढंच. त्याने काय प्रवचन दिलं वगैरे काही नाही.

तर तुमचा अनेसिफर कोण? तो ख्रिस्तीच असावा असं काही नाही. वचनं जरूर टाका, पण आधी माणूस सांगा.

वसईकर
बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. आमच्याच धर्मग्रामातले त्यांचे एक दोस्त कायम सोबत यायचे. आत बसू देत नसत, म्हणून बाहेर बाकावर ‘सुवार्ता’चे जुने अंक वाचत बसायचे. बाबांना पाणी मोजून होतं, त्यातच चहा आणि डाळही धरायची. मे महिन्यात जीभ टाळ्याला चिकटायची, बर्फाचा खडा चघळत दिवस काढायचे. काकांनी त्यांच्यासमोर चहा पिणंच सोडलं. आईने कप पुढे केला की म्हणायचे, “आत्ताच झाला.” झालेला नसायचा. बाबांना ते कळायचं आणि ते भडकायचे, “पी रे, मी काय तुझ्या तोंडाकडे बघत बसणार आहे?” यावरून दोघांची खरीखुरी भांडणं व्हायची. परतताना गाडीत रोजरी चालायची. बाबा मध्येच झोपायचे, मग काका दोघांच्या वाट्याची ‘नमो मरिया’ एकटेच म्हणायचे.

नगरची सून
नवरा गेल्यावर मी सासूबाईंजवळच राहिले, म्हणून चर्चमध्ये सगळे मला रूथ म्हणतात. मला ते अजिबात आवडत नाही. माझी नोकरी नगरात होती, घर सासूबाईंच्या नावावर होतं आणि लेकरू लहान होतं. यात त्याग कसला? उलट मी शाळेतून येईपर्यंत लेकराला त्याच सांभाळायच्या. वर्षश्राद्ध करणारं आमचं घर नाही, पण त्या दिवशी स्मशानभूमीतून आल्यावर त्या म्हणाल्या, “आता एखादं चांगलं स्थळ बघू. मीच बोलते तुझ्या भावाशी.” लोकांना बायबलमधल्या त्या पुस्तकात सासूला न सोडणारी विधवा रूथच दिसते. पुढे तिचा नवरा झालेल्या बवाजाकडे तिला तिच्या सासूनेच, नामीनेच धाडलं होतं, हे कुणी का सांगत नाही? (लग्न केलं नाही मी. पण विचारणाऱ्या सासूबाईच होत्या.)

पानगळ
आमचं बाळ गेलं तेव्हा “प्रभूची इच्छा” हे शब्द इतक्यांदा ऐकले की दार उघडायची भीती वाटू लागली. बायबलमधल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तोवर बरेच होते. तोंड उघडलं आणि बिघडवलं. महिला मंडळातल्या एक बाई आल्या, मोरीत साठलेली भांडी घासली, दूध तापवून ठेवलं आणि गेल्या. पुढच्या मंगळवारी परत आल्या.

नाव नको
थोडं वेगळं विचारते. वेदीपुढे सुखदुःखात साथ देईन म्हटलंय. नवरा हात उचलतो. मग निष्ठा म्हणजे काय?

धागाकर्ती
ताई, शपथ दोघांनी घेतली होती, ती त्याने मोडली आहे. आमच्याकडे अशाच प्रसंगात पाळकीणबाई त्या मुलीबरोबर पोलीस चौकीत रात्री उशिरापर्यंत बसून होत्या. काहींनी नावं ठेवली त्यांना. आधी सुरक्षित जागी जा. १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. आणि मला व्यक्तिगत निरोप टाका.

जुनी पानं
‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं आपण पटकन उडी मारून ओलांडतो. त्या सुरुवातीला दूर राहिल्या, मग नवऱ्याजवळ आल्या तरी लगेच त्याच्या धर्मात गेल्या नाहीत. सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून त्यांच्याच गतीने गळलं. टिळकांनाही तेवढं थांबावं लागलं. मला त्या जोडप्यातली निष्ठा या थांबण्यात जास्त दिसते.

कृष्णाकाठ
वाचत होतो फक्त. मी गेले काही दिवस मिरजेत आहे, बायकोचं ऑपरेशन झालंय. गाव लांब, मुलगा परदेशात. इथे ओळखीचं कोणी नाही. प्रार्थनेत आठवण ठेवा.

सांगलीची लेक
दादा, प्रार्थना करूच, पण वॉर्ड कोणता ते निरोपात कळवा. मी सांगलीतच असते, संध्याकाळी डबा घेऊन येते. वहिनींना तिखट चालतं का? आणि तुम्ही स्वतः काही खाल्लंय का आज?