कादंबरीचे हक्क आणि पटकथा: एकच करार की दोन?

शनिपार_कट्टा: पुण्यात घडणारी माझी गुन्हेकादंबरी (७२ हजार शब्द) छापून आली आहे. एका निर्मात्याला त्यावर वेब सिरीज करायची आहे, पटकथाही मीच लिहावी म्हणतोय. करार आलाय, त्यात दोन्हींची मिळून एकच रक्कम: अर्धी सहीला, अर्धी 'प्रसारणानंतर'. सही करण्याआधी काय बघू? गोष्ट २०१७ मध्ये वाकडला खुनाने सुरू होते, दुसरा खून २०२४ च्या डिसेंबरात. पटकथेत तारखांची काही भानगड होईल का?

कागदपत्र: सही थांबवा. आधी प्रकाशकाशी केलेला करार काढून बघा. दृक्‌श्राव्य हक्क त्यात प्रकाशकाला देऊन बसला असाल, तर विकायला तुमच्याकडे काहीच नाही.

हक्क तुमच्याकडे असतील तर दोन वेगळे करार मागा. हक्कांसाठी ऑप्शन बरा: थोडी रक्कम घेऊन १२ किंवा १८ महिने कादंबरी राखून ठेवायची, तेवढ्यात पूर्ण पैसे आले नाहीत तर विषय संपला. थेट हस्तांतर असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर हस्तांतर रद्द होतं, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर; हेच कलम १९(४). म्हणूनच 'कलम १९(४) लागू राहणार नाही' अशी एक ओळ कुठेतरी मागच्या पानावर गुपचूप टाकलेली असते.

पटकथेचे पैसे टप्प्यांनी घ्या: सही, भागवार आराखडा, पहिला ड्राफ्ट, दुसरा ड्राफ्ट. प्रत्येक हप्ता 'लेखन सुपूर्द केल्यावर' हवा, 'मंजूर झाल्यावर' नको. मंजुरी लटकली की हप्ताही लटकतो. प्रसारण तर तुमच्या हातातच नाही. तिसऱ्या ड्राफ्टपासून वेगळे पैसे. कादंबरीतल्या इन्स्पेक्टरवर पुढच्या कादंबऱ्या लिहिण्याचा हक्क स्वतःकडे ठेवा, 'पात्रांसह सर्व हक्क' या तीन शब्दांत तो जातो.

ड्राफ्ट_दोन: वरच्यात भर. प्रत्येक ड्राफ्ट मेल करण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवा. त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा राहतो. श्रेयनामावलीत 'कादंबरीवर आधारित' आणि 'पटकथा' अशा दोन ओळी लिहून घ्या. पुढे पटकथाकार बदलला तरी पहिली ओळ टिकते.

पंचनामा: तारखांची भानगड आहेच, आणि ती कथेच्या फायद्याची आहे. २०१७ मध्ये वाकड पोलीस ठाणं पुणे शहर आयुक्तालयात होतं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं आणि वाकड तिकडे गेलं. म्हणजे दुसऱ्या खुनाच्या वेळी वरिष्ठही वेगळे, क्राइम ब्रांचही वेगळी. जुनी फाइल मागवण्यातच एक चांगला प्रसंग निघेल.

कलमं: पहिला खून भादंवि ३०२च राहणार, खटला कितीही लांबला तरी. दुसरा १ जुलै २०२४ नंतरचा, म्हणून त्या दिवसापासून भादंविच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं १०३. आपल्या मालिकांतले हवालदार अजून सगळीकडे ३०२ ठोकतात, तेवढं टाळा. जप्तीही बदलते. २०१७ च्या प्रसंगात दोन पंच आणि कागदावर लिहिणारा अंमलदार पुरे. २०२४ मध्ये झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक, त्यामुळे एकाच्या हातात मोबाइल हवाच. ते चित्रीकरण मध्येच तुटलं, तर बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा.

रूपांतरात फसतं ते मनातल्या विचारांपाशी. निवेदन लावून ते भागवू नका. इन्स्पेक्टरचा संशय नव्या फौजदाराशी वाद घालताना बाहेर येऊ द्या. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट हा हिशोब देवनागरीत फॉन्टप्रमाणे बदलतो, प्रसंग घड्याळ लावून मोठ्याने वाचा.

शनिपार_कट्टा: १९(४)ची ओळ सापडली, शेवटून दुसऱ्या पानावर. काढणार नाही म्हणतात.

कागदपत्र: मग त्याखाली एक ओळ घाला: ३ वर्षांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर सर्व हक्क आपोआप लेखकाकडे परत, आणि तोवर दिलेली रक्कम परत मागता येणार नाही. यालाही नकार आला तर दुसरा निर्माता बघा.